कॉर्नियाचे स्कॅन (टोपोग्राफी, पेंटाकॅम, ओसीटी) आणि आरोग्य विमा: पैसे कधी मिळतात, कधी नाही

दस्तऐवज

नमस्कार मंडळी. केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार), कोरडे डोळे, मोतीबिंदूच्या आधीच्या तपासण्या अशा वेगवेगळ्या धाग्यांवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "पेंटाकॅमचे (कॉर्नियाच्या स्कॅनचे) पैसे विम्यातून मिळतील का?" उत्तर एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना या विषयातलं नेमकं माहीत आहे त्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्तही करावं.

आधी पाया. आपल्याकडच्या नेहमीच्या आरोग्य विमा पॉलिसीत तपासणीला स्वतंत्र संरक्षण नसतं. संरक्षण असतं ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचाराला किंवा चोवीस तासांच्या आत आटोपणाऱ्या डे-केअर उपचाराला. तपासणीचा खर्च त्या उपचाराच्या आधाराने मिळतो: दाखल होण्याच्या आधीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस. काही पॉलिसींत हे ६० आणि ९० असतं, काहींत त्याहून जास्त. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ३० आणि ६० आहे. यातल्या दोन अटी लोकांच्या नजरेतून सुटतात. स्कॅन त्याच आजारासाठी झालेला हवा. आणि मूळ उपचाराचा क्लेम मंजूर व्हायला हवा. मूळ क्लेम नामंजूर झाला की त्याला जोडलेल्या स्कॅनची बिलंही त्याच्याबरोबर जातात.

आता नकाराचं कलम. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, सर्व कंपन्यांसाठी वगळण्यांची भाषा एकसारखी केली आहे आणि प्रत्येकीला क्रमांक दिला आहे. क्रमांक ४ म्हणतं की फक्त निदान आणि तपासणीसाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही. चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्याही मिळणार नाहीत. "एक दिवस ॲडमिट दाखवून स्कॅन करून घेऊ" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. याच कलमावर तो क्लेम पडतो, शिवाय खोटं दाखल केल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

डोळ्यांच्या बाबतीत दुसरं महत्त्वाचं कलम क्रमांक १५: ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्यासाठीचे उपचार वगळलेले. म्हणजे चष्मा घालवायच्या लेझरआधी जी टोपोग्राफी होते तिचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत.

अंजली_ऑप्टो

छान सुरुवात. मशीनबद्दल थोडं सांगते, कारण बिलावर तपासणीचं नाव मोघम लिहिलं की तिथूनच प्रश्न सुरू होतात.

प्लासिडो टोपोग्राफी म्हणजे प्रकाशाची वर्तुळं कॉर्नियावर पाडून त्यांच्या प्रतिबिंबावरून पुढच्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणं. फक्त पुढचा पृष्ठभाग कळतो. शाइम्पफ्लुग कॅमेऱ्याची मशीन, म्हणजे पेंटाकॅम, सिरियस वगैरे, पुढचा आणि मागचा पृष्ठभाग आणि प्रत्येक बिंदूवरची जाडी देतात. केराटोकोनसची सुरुवात बऱ्याचदा मागच्या पृष्ठभागावर आधी दिसते, म्हणून संशय असेल तर हीच तपासणी लागते. पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेला छेद, थर वेगवेगळे दाखवतो. वरच्या आवरणाच्या जाडीचा नकाशा त्यातून मिळतो. स्पेक्युलर मायक्रोस्कोपी सर्वांत आतल्या पेशींची मोजणी करते. मायबोग्राफी इन्फ्रारेड प्रकाशात पापणीतल्या तेलग्रंथींचा फोटो काढते.

बिलावर "आय स्कॅन" किंवा "स्पेशल इन्व्हेस्टिगेशन" असं लिहून घेऊ नका. तपासणीचं पूर्ण नाव, उजवा, डावा की दोन्ही डोळे, तारीख आणि सांगणाऱ्या डॉक्टरांचं नाव, एवढं हवंच.

अजून एक: स्कॅनआधी कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवावी लागते. मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे, कडक आरजीपी लेन्स दोन ते चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. तशा स्थितीत काढलेला स्कॅन पुन्हा करावा लागतो, आणि त्याच महिन्यात त्याच तपासणीचं दुसरं बिल आलं की टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) हमखास कारण विचारते. पेंटाकॅमच्या छापील कागदावर "क्यूएस" असा चौकोन असतो, त्यात "ओके" आहे का ते टेबलावरून उठायच्या आधी बघा. नसेल तर लगेच पुन्हा काढायला सांगा, स्कॅनला काही सेकंदच लागतात.

वाईकर

समजा १६ वर्षांच्या मुलाला केराटोकोनस निघालाय. डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, वाढ दिसली तर सी३आर करू. अशा वेळी पहिल्या स्कॅनचं काय? आणि कंपनी तोच मागते म्हणतात, हे खरं का?

दस्तऐवज

खरं आहे, आणि या विषयातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे. नीट मांडतो.

सी३आर म्हणजे वरचं आवरण काढून कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे थेंब घालायचे आणि अतिनील प्रकाश द्यायचा, म्हणजे कोलाजेनचे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात. मूळ पद्धतीत ३० मिनिटं प्रकाश देतात, वेगवान पद्धतीत साधारण १० मिनिटं. कॉर्निया निदान ४०० मायक्रॉन जाड असावा असा संकेत आहे. हा उपचार आजार थांबवण्यासाठी आहे, नंबर घालवण्यासाठी नाही. म्हणून "आजार वाढतोय" हे दाखवावं लागतं. त्यासाठी दोन स्कॅन हवेत. वर्षभरात केमॅक्स (कॉर्नियाची सर्वांत जास्त वक्रता) १ डायॉप्टर किंवा जास्त वाढला तर वाढ धरावी, ही नेहमीची फूटपट्टी. सोबत सर्वांत पातळ जागेची जाडी आणि मागच्या पृष्ठभागातला बदलही बघतात.

आता विम्याच्या चौकटीत हे बसवून बघा. पहिला स्कॅन जानेवारीत, दुसरा १ जुलैला, सी३आर २५ जुलैला. आधीचे ३० दिवस मोजले तर दुसरा स्कॅन बसतो, पहिला बसत नाही. कंपनी पहिल्या स्कॅनचे पैसे देत नाही, पण वाढीचा पुरावा म्हणून तोच मागते. तो जपून ठेवायचाच. रंगीत छापील प्रत आणि पीडीएफ, दोन्ही.

दुसरा स्कॅन १ जुलैला झाला आणि सी३आर ८ ऑगस्टपर्यंत लांबला तर ३८ दिवस होतात आणि तोही बाहेर पडतो. म्हणून स्कॅनची वेळ घेतानाच डॉक्टरांना विचारा की वाढ निघाली तर उपचाराची तारीख साधारण केव्हाची मिळेल. कडक लेन्स असेल तर ती काढून ठेवायचे आठवडे स्कॅनच्या आधी जातात, नंतर नाही, त्यामुळे दिवसांचा हिशेब स्कॅनच्या तारखेपासूनच धरा.

दोन्ही स्कॅन एकाच प्रकारच्या मशीनवर करा. पेंटाकॅमचे आकडे आणि दुसऱ्या कंपनीच्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. "आधीचा स्कॅन वेगळ्या यंत्रावरचा, वाढ सिद्ध होत नाही" या शेऱ्याला नंतर उत्तर देणं कठीण जातं.

मुलांच्या बाबतीत मात्र अनेक कॉर्नियातज्ज्ञ दुसऱ्या स्कॅनची वाट बघत नाहीत, कारण त्या वयात आजार झपाट्याने वाढतो. तसं असेल तर डॉक्टरांनी पत्रात वय आणि तातडीचं कारण स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर "वाढीचा पुरावा नाही" ही क्वेरी येणारच.

टीपीए_टेबल

क्लेमची छाननी आत कशी होते त्याबद्दल लिहितो. वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट थोडी गृहीत धरली गेली आहे: सी३आर डे-केअरमध्ये बसतोच असं नाही.

डे-केअरची व्याख्या अशी आहे की उपचार पूर्ण किंवा स्थानिक भूल देऊन, रुग्णालयात किंवा डे-केअर केंद्रात, तंत्रज्ञानातल्या प्रगतीमुळे चोवीस तासांच्या आत झालेला असावा. पुढे एक वाक्य आहे: जो उपचार साधारणपणे ओपीडीत होतो तो यात येत नाही. सी३आरला भूल थेंबांची असते. काही छाननी करणारे त्यावर बोट ठेवून "ओपीडी प्रक्रिया" म्हणतात. आधुनिक उपचारांची जी १२ नावांची यादी आहे तिच्यात डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शनं आहेत, सी३आर नाही. म्हणून पॉलिसीच्या शेवटी डे-केअरची यादी जोडलेली असेल तर तीत नाव आहे का बघा. "यात नसलेल्या, पण व्याख्येत बसणाऱ्या इतर शस्त्रक्रिया" असं वाक्य असेल तर तेही चालतं.

कागदांवर काय दिसलं तर बाजू भक्कम होते: निर्जंतुक शस्त्रक्रियागृहात झाल्याची नोंद, ऑपरेशन नोट, भूल कोणती दिली ते, आवरण किती मिलिमीटर काढलं, रायबोफ्लेविन किती वेळ, प्रकाश किती वेळ, आणि डिस्चार्ज कार्ड. "प्रोसिजर डन" एवढी एक ओळ असलेला केसपेपर घेऊन येणाऱ्यांचे क्लेम अडकतात.

आणि निदानाचा कोड. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत केराटोकोनसचा कोड एच १८.६ आहे. दृष्टिदोषाचे कोड एच ५२ पासून सुरू होतात: एच ५२.१ म्हणजे लघुदृष्टी, एच ५२.२ म्हणजे सिलिंडर. केराटोकोनसमध्ये सिलिंडर नंबर असतोच, आणि घाईत कुणी तोच कोड टाकला की क्लेम थेट कलम १५ मध्ये जातो. नकाराच्या पत्रात "दृष्टिदोष" शब्द दिसला तर सर्वांत आधी हा कोड तपासा. चूक असेल तर रुग्णालयाकडून सही-शिक्क्यासह दुरुस्तीचं पत्र घ्या. खाडाखोड केलेला केसपेपर देऊ नका.

दस्तऐवज

@टीपीए_टेबल, आभार, डे-केअरबद्दलची ही दुरुस्ती गरजेची होती. त्याला जोडून: नियोजित उपचार आहे, घाई नाही, तेव्हा कॅशलेसची पूर्वपरवानगी मागाच, रुग्णालय कॅशलेस देत नसेल तरी कंपनीला ईमेलने लेखी विचारा. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो. नकार असेल तर तो उपचाराच्या आधीच कळतो आणि त्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो.

सानिका_म

पॉलिसी घेण्याआधीच स्कॅन झालेला असेल तर?

टीपीए_टेबल

मग तो पूर्वीपासूनचा आजार. पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेलं असेल किंवा उपचार सांगितलेला असेल तर तो या व्याख्येत येतो. एप्रिल २०२४ पासून त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होता. प्रस्ताव अर्जात सांगायचंच. पेंटाकॅमच्या तुलनात्मक नकाशावर आधीच्या स्कॅनची तारीख छापलेली असते, म्हणजे पुढे वाढीचा पुरावा म्हणून तुम्ही जो कागद देणार तोच जुनी तारीख दाखवणार. लपवलं तर क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

फरक मात्र समजून घ्या. शाळेच्या तपासणीत सिलिंडर नंबर निघाला होता, चष्मा दिला होता, एवढ्यावरून केराटोकोनसचं निदान आधी झालं होतं असं म्हणता येत नाही. निदानाची तारीख म्हणजे ज्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर ते नाव लिहिलं ती. कंपनीने जुन्या चष्म्याच्या कागदावरून नकार दिला तर याच मुद्द्यावर भांडायचं. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

नोकरीच्या ठिकाणच्या समूह विम्यात बऱ्याचदा पूर्वीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं आणि त्यात मुलंही असतात. वैयक्तिक पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ चालू असेल तर तिकडे आधी बघा.

शुभ्रा_के

कोरड्या डोळ्यांचं काय? मायबोग्राफी, अश्रूंची ऑस्मोलॅरिटी (खारटपणा) वगैरे.

अंजली_ऑप्टो

शुभ्राताई, इथे सरळ सांगायला हवं: साध्या पॉलिसीतून जवळजवळ काहीच मिळत नाही. कारण उपचार थेंब, शेक, पापण्यांची स्वच्छता, गोळ्या असे सगळे ओपीडीतले. स्कॅन ज्याला जोडायचा तो दाखल उपचारच नाही.

मार्ग दोन. एक, पॉलिसीला ओपीडीची जोड असेल तर. तिथे डॉक्टरांची चिठ्ठी तपासणीच्या आधीच्या किंवा त्याच तारखेची हवी, नंतरची चालत नाही. "डायग्नोस्टिक्स" या शीर्षकाखाली फक्त रक्ततपासणी आणि एक्स-रे आहेत की डोळ्यांच्या तपासण्याही, हे ग्राहक सेवेकडून ईमेलवर विचारून घ्या. काही ठिकाणी दृष्टी आणि दात हे भाग वेगळ्या छोट्या मर्यादेत असतात.

दोन, खर्च मुळात कमी करा. कोरडेपणाचं निदान बहुतेकदा साध्या चाचण्यांवर होतं. शर्मर पट्टीवर पाच मिनिटांत ५ मिलिमीटरपेक्षा कमी ओल आली तर अश्रू खूपच कमी. फ्लुरोसिन हा रंग डोळ्यात घातल्यावर अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत तुटत असेल तर तो अस्थिर. या दोन्ही स्वस्त आहेत. मायबोग्राफी तेव्हा उपयोगी जेव्हा ग्रंथी किती शिल्लक आहेत त्यावर पुढचा उपचार ठरणार असेल. कोरडेपणासोबत तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर शोग्रेनसाठी (अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते तो आजार) रक्ततपासणी आधी करा, ती जास्त महत्त्वाची.

पांढरा_कागद

मोतीबिंदूच्या आधी टॉरिक (सिलिंडर नंबरही घालवणाऱ्या) लेन्ससाठी टोपोग्राफी करतात, तीही ३० दिवसांतच होते. ती मिळायला हवी ना?

दस्तऐवज

मिळायला हवी, पण मर्यादेच्या आत. पॉलिसीत मोतीबिंदूला प्रति डोळा वेगळी मर्यादा असेल, उदाहरणार्थ आरोग्य संजीवनीत विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये यांपैकी जे कमी ते, तर शस्त्रक्रियेच्या बिलातच ती संपते आणि स्कॅनसाठी काही उरत नाही. आधीच्या तपासण्या या मर्यादेत धरल्या आहेत की बाहेर, हे पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून आहे. ते वाक्य शोधून काढा. शिवाय मोतीबिंदूला २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ साधारणपणे असतोच.

वाईकर

सी३आर झाल्यानंतरचे स्कॅन? ६० दिवस आहेत म्हणजे महिन्याभरात एक करून घ्यावा का?

अंजली_ऑप्टो

वाईकरदादा, केवळ पैसे मिळतात म्हणून नको. पहिल्या महिन्यात कॉर्निया बरा होत असतो. केमॅक्स आधीपेक्षा वाढलेला आणि जाडी कमी झालेली दिसू शकते, आणि घरचे उगाच घाबरतात. उपचाराचा परिणाम जोखायचे स्कॅन तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात होतात. ६० दिवसांच्या पॉलिसीत ते सगळे बाहेर राहतात, ९० दिवसांच्या पॉलिसीत तिसऱ्या महिन्याचा बसतो, तोही तारीख नीट घेतली तर. डॉक्टरांना काही शंका असून त्यांनी लवकर सांगितला तर गोष्ट वेगळी. तेव्हा कारण चिठ्ठीवर लिहून घ्या.

टीपीए_टेबल

दोन्ही डोळ्यांचे सी३आर वेगवेगळ्या दिवशी झाले तर प्रत्येक डोळ्याचे दिवस वेगळे मोजले जातात. मधला एखादा स्कॅन पहिल्या डोळ्याच्या "नंतर"मध्येही बसतो आणि दुसऱ्याच्या "आधी"मध्येही. पण बिल एकदाच लावता येतं. दोन्ही क्लेममध्ये तेच बिल गेलं तर दुसरा क्लेम संशयाच्या यादीत जातो.

रुग्णालयाचं पॅकेज असेल तर त्यात स्कॅन धरलाय का ते विचारा. धरला असेल आणि वेगळं बिलही दिलं असेल तर वेगळं बिल कापलं जाणार.

मुदती: आरोग्य संजीवनीत दाखल उपचार आणि आधीच्या खर्चाची कागदपत्रं घरी सोडल्यापासून ३० दिवसांत, नंतरच्या खर्चाची तो उपचार संपल्यापासून १५ दिवसांत. इतर पॉलिसींत थोडा फरक असू शकतो. उशीर झाला तर कारण लिहून पाठवा, गप्प बसू नका.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत रचना वेगळी आहे. भारतातून आलेल्यांचा गोंधळ होतो म्हणून थोडक्यात. चष्म्याची व्हिजन योजना आणि मेडिकल विमा वेगळे. टोपोग्राफी मेडिकलवर लावतात, कोड ९२०२५, एक डोळा असो वा दोन, एकदाच. पुढच्या भागाचा ओसीटी ९२१३२. दोन्हींसाठी निदान वैद्यकीय असावं लागतं; लॅसिकच्या तयारीसाठी असेल तर नकार. इथेही क्रॉस-लिंकिंगसाठी (म्हणजे सी३आरसाठी) वाढीची नोंद मागतात. मेडिकेअरवर (ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर) असलेल्या आईवडिलांपुढे एबीएन नावाचा कागद ठेवला तर त्याचा अर्थ "मेडिकेअरने नाकारलं तर मी भरेन" असा आहे. अंदाजे रक्कम वाचूनच सही करावी. भारतातला जुना स्कॅन घेऊन या, पहिल्या नोंदीसाठी तो कामाला येतो.

सानिका_म

नकाराचं पत्र आलंच तर क्रम काय?

दस्तऐवज

पत्रात कलमाचा क्रमांक आहे का बघा. नसेल तर तोच पहिला लेखी प्रश्न. नियमानुसार कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. त्या मंजुरीचा उल्लेख मागा.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज करा. सोबत कॉर्नियातज्ज्ञांचं पत्र जोडा, तेच सर्वांत वजनदार. त्यात असावं: निदान केराटोकोनस, एच १८.६, दोन्ही स्कॅनच्या तारखा, केमॅक्स आणि सर्वांत कमी जाडी, दोन्हींतला फरक, हा उपचार आजाराची वाढ थांबवण्यासाठी आहे, चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी नाही, उपचार न केल्यास कॉर्निया प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते, स्कॅन या उपचाराच्या निर्णयासाठी अत्यावश्यक होता. पत्र पानभर पुरे.

आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. कंपनीने नकार कायम ठेवला किंवा एक महिना उत्तर दिलं नाही तर विमा लोकपाल. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. पाच-सात हजारांच्या स्कॅनसाठी एकट्याने जाणं जिवावर येतं, पण सी३आर आणि स्कॅन यांचा क्लेम एकत्रच नाकारलेला असतो, तेव्हा पूर्ण रक्कम मागा.

पांढरा_कागद

ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्यासाठी: जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य विम्यासाठीच्या प्राप्तिकर वजावटीत प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, तेही एकूण मर्यादेच्या आत. रोख दिले असले तरी चालतं. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चाला ५०,००० पर्यंत वजावट आहे, मात्र ते पैसे रोखीने दिलेले नसावेत.

वाईकर

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचं: पीडीएफ रुग्णालय देत नसेल तर?

अंजली_ऑप्टो

लेखी अर्ज करा, रुग्णाला आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क आहे. चार नकाशांचं पान, तुलनेचं पान आणि बेलिन-ॲम्ब्रोसिओचं (केराटोकोनसची शंका तपासणारं) पान, अशी तीन पानं प्रत्येक डोळ्याची नावानिशी मागा. काळी-पांढरी झेरॉक्स घेऊ नका, रंगांची पट्टी त्यात वाचताच येत नाही.